बदललंय, हे कळवायचं कसं?

या वेळचा विषय घरच्या मंडळींना जरा रुक्ष वाटेल, आणि आमच्या धंद्यातले म्हणतील की यात काय सांगण्यासारखं, हे तर रोजचंच. दोघांनीही थोडा धीर धरावा. सध्या कामावर माझ्याकडे एक टूल आलंय. एआय एजंटांना 'अमुक एपीआय बदललंय, आता जुन्या पद्धतीने लिहू नका' हे वेळच्या वेळी सांगणारं. त्याचं डॉक्युमेंटेशन लिहायचं आणि ते खरोखर उपयोगी पडतं का हे तपासायचं, अशी दोन कामं माझ्या वाट्याला आहेत. त्यानिमित्ताने मागचं बरंच काही वाचलं आणि लक्षात आलं की हा प्रश्न एआयच्या कितीतरी आधीचा आहे.

आधी एपीआय म्हणजे काय ते. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आपल्या लँडलाइन नंबरांच्या आधी २ लागला होता, आठवतंय? एक्स्चेंजमध्ये बदल झाला तो झाला, पण घरोघरच्या डायऱ्या, दुकानांच्या पाट्या, छापून ठेवलेली लेटरहेडं, ती काही त्याबरोबर बदलली नाहीत. आपण डायरीत बघून जुनाच नंबर फिरवायचो. एपीआय म्हणजे असाच नंबर समजा. एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं तर कोणत्या नावाने हाक मारायची, सोबत काय द्यायचं आणि परत काय मिळेल, याची ठरलेली रीत. रीत ठरवणारा एक असतो आणि वापरणारे हजारो. ठरवणाऱ्याने ती बदलली की हजारो डायऱ्या शिळ्या होतात. आणि एआय एजंट म्हणजे आपणहून फाइली उघडून, कोड लिहून, चालवून बघणारा असा प्रोग्राम, ज्याची डायरी त्याच्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी छापून झालेली असते.

सुरुवात केंब्रिजपासून करतो. ६ मे १९४९ रोजी तिथे एडसॅक नावाच्या कॉम्प्युटरने पहिला प्रोग्राम चालवला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल या तिघांच्या लवकरच लक्षात आलं की वर्गमूळ काढणं, आकडे छापणं अशी कामं प्रत्येकाने नव्याने लिहिण्यात अर्थ नाही. मग त्यांनी तयार सबरूटीनांची लायब्ररी केली. लायब्ररी म्हणजे अक्षरशः कपाट! भोकं पाडलेल्या कागदी टेपा कपाटात ठेवलेल्या, हवी ती काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या टेपेवर उतरवायची आणि मूळ टेप जागेवर ठेवायची. १९५१ पर्यंत अशी ऐंशीहून जास्त सबरूटीनं जमली होती आणि त्याच वर्षी तिघांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

व्हीलरने १९५२ मध्ये सबरूटीनांवर एक दोन पानी निबंध वाचला. त्यात तो म्हणतो की सबरूटीन लिहून, तपासून झालं तरी एक मोठं काम उरतंच: ज्याला आतलं काही ठाऊक नाही अशा माणसाला ते वापरता येईल असं वर्णन लिहिणं. आणि कदाचित हेच सगळ्यात अवघड असेल. कॉम्प्युटर जेमतेम तीन वर्षांचा झालेला, आणि डॉक्युमेंटेशनचं रडगाणं सुरू! मला मात्र त्या कपाटात आणखी एक गोष्ट दिसते. टेपेची नक्कल एकदा आपल्या प्रोग्राममध्ये उतरली की कपाटातली मूळ टेप सुधारली तरी आपल्याला कळायची सोय नाही. नक्कल नेणाऱ्याने परत कपाटाकडे फिरकायला हवं.

'एपीआय' हा शब्द त्यानंतर बराच उशिरा, १९६८ मध्ये कॉटन आणि ग्रेटोरेक्स यांच्या ग्राफिक्सवरच्या एका निबंधात आला. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं आणि त्यात एक झकास प्रथा होती. पानांवर 'बग्ज' नावाचा एक मथळा असे, त्याखाली 'हे इथे नीट चालत नाही' अशी सरळ कबुली. आपल्या मालातली खोट आपणच छापायची! आजच्या चकचकीत टूलांच्या पानांवर हा मथळा शोधून पाहा, क्वचित सापडेल.

बदल कळवण्याची पहिली शिस्तशीर पद्धत मी स्वतः वापरली ती जावामधली. १९९७ च्या जावा १.१ मध्ये 'डेप्रिकेटेड' अशी खूण आली. म्हणजे हे अजून चालतं, पण वापरू नका, त्याऐवजी ते वापरा. ही खूण ज्यांना तेव्हाच लागली त्यांत तारखेतून वर्ष काढून देणारं एक फंक्शन होतं. ते वर्षातून १९०० वजा करून आकडा देतं. गंमत अशी की इतकी वर्षं 'वापरू नका' म्हणूनही ते फंक्शन जावातून गेलेलं नाही. काढलं तर कुणाचं तरी काहीतरी मोडेल, या भीतीपोटी पाटी लागली आहे आणि दुकानही चालू आहे.

१९०० वजा करण्यावरून वायटूके आठवणं साहजिकच आहे. पुण्या-मुंबईच्या आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांची पहिली अमेरिकावारी त्या दोन गाळलेल्या आकड्यांनीच घडवली. लाखो ओळींच्या कोबोल प्रोग्राममध्ये तारखा शोधायच्या आणि दुरुस्त करायच्या. शोधून देणारी टूलं होती, पण व्हेरिएबलचं नाव 'एक्स७' असलं तर त्यात तारीख आहे हे टूलला कसं कळणार? तपासायची रीत मात्र फार हुशारीची होती. मशीनचं घड्याळ पुढे करायचं आणि ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मुद्दाम आणायची. अजून न घडलेला दिवस रचायचा आणि त्या दिवशी प्रोग्राम कसा वागतो ते पाहायचं. ही कल्पना जरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग पायथॉन. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथॉन ३.० आलं आणि ते जाणूनबुजून जुन्याशी न जुळणारं केलं होतं. सोबत 'टू-टू-थ्री' नावाचं टूल दिलं होतं, जुना कोड नव्यात बदलून देणारं. छापण्याच्या आज्ञेला कंस लावणं वगैरे ते बिनचूक करायचं. पण पायथॉन २ मध्ये १ भागिले २ बरोबर शून्य आणि ३ मध्ये अर्धा. कोडमध्ये नुसतं 'अ भागिले ब' दिसलं तर अ आणि ब पूर्णांक आहेत की दशांश, हे मजकूर वाचून कळत नाही. तिथे टूलचे हात टेकायचे. परिणाम काय झाला ते जगजाहीर आहे. पायथॉन २.७ चा पाठिंबा २०१५ मध्ये थांबणार होता, तो १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावा लागला. आणि २०२४ च्या पायथॉन ३.१३ मधून खुद्द टू-टू-थ्रीच काढून टाकलं.

या सगळ्यात माझ्या मते खरा मोलाचा टप्पा लिनक्सचा आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

लिनक्सच्या कर्नलमध्ये आतली एपीआय कायम ठेवायचं बंधन नाही, असं धोरण आहे. ज्याला बदल करायचा त्याने करावा, पण ते एपीआय वापरणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हरही त्यानेच दुरुस्त करावेत. ड्रायव्हर हजारोंनी. कोपनहेगनमधल्या ज्यूलिया लॉल, फ्रान्समधल्या नांतचे जिल म्यूलर, योआन पादियोलो आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रकाराचा अभ्यास मांडला आणि २००८ मध्ये त्यावरचं टूल. नाव 'कॉक्सिनेल', म्हणजे फ्रेंचमध्ये लेडीबग, किडे खाणारा किडा. प्रोग्रामरांना यापरता गोड विनोद नसेल.

टूलची युक्ती अशी. काय बदललं ते एका छोट्या नमुन्यात लिहायचं: जाणाऱ्या ओळीपुढे वजा, येणाऱ्या ओळीपुढे अधिक, आणि मधे काहीही असलं तरी चालेल तिथे तीन टिंबं. उदाहरणार्थ, पूर्वी मेमरी मागायची एक ओळ आणि ती शून्यांनी भरायची दुसरी ओळ लिहायला लागायची. नंतर दोन्ही एकदम करणारं फंक्शन आलं. हा बदल नमुन्याच्या पाच-सात ओळींत मावतो. त्या ओळी माणसाने वाचल्या तर त्याला कळतं काय बदललं, आणि यंत्राला दिल्या तर ते हजारो फायलींत तो बदल करतं. डॉक्युमेंटेशन आणि टूल एकच! व्हीलरला जे सगळ्यात अवघड वाटलं होतं ते काम इथे टूलमध्येच मिसळून गेलं.

पण मला त्याहून आवडली ती त्यांची परीक्षा घ्यायची पद्धत. त्यांनी लिनक्सच्या इतिहासातले साठाहून जास्त बदल घेतले, जे माणसांनी आधीच हाताने करून झाले होते. म्हणजे प्रश्नपत्रिकाही तयार आणि उत्तरपत्रिकाही. ५८०० हून अधिक फायलींवर टूल चालवलं आणि माणसांच्या उत्तरांशी ताडून पाहिलं. ९३ टक्क्यांहून जास्त फायली टूलने पूर्णपणे नीट बदलल्या. उरलेल्यांपैकी बहुतेक ठिकाणी त्याने सांगितलं की इथे अर्धवट जुळतंय, माणसाने बघावं. आणि दीडशेहून जास्त फायली अशा निघाल्या की जिथे उत्तर जुळलं नाही, पण चूक माणसाची होती, टूल बरोबर होतं.

म्हणजे उत्तरपत्रिकाच चुकलेली! त्यांनी नुसती टक्केवारी काढून हात झटकले असते तर या दीडशे फायली टूलच्या नावावर चुका म्हणून जमा झाल्या असत्या. न जुळलेलं प्रत्येक उत्तर उघडून पाहायचं, हे चिकाटीचं आणि कंटाळवाणं काम कुणीतरी बसून केलं, म्हणून कळलं.

तिकडे गूगलच्या गो भाषेसाठी रस कॉक्सने एप्रिल २०११ मध्ये 'गोफिक्स' जाहीर केलं. भाषा तेव्हा सारखी बदलत होती, दर बदलाबरोबर कोड आपोआप सुधारून देणारं हे टूल. २०१२ मध्ये गो १ आलं आणि 'आता जुना कोड मोडणार नाही' असं वचन दिलं गेलं, त्यामुळे गोफिक्सचं काम जवळपास संपलं. (तात्पुरतं. शेवटी त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.)

आता एजंटांकडे येतो. इथवरची सगळी टूलं कोडवर काम करत होती. जुना कोड आत, नवा कोड बाहेर. भाषेच्या मॉडेलांनी प्रश्नच फिरवला. मॉडेल रोज नवा कोड लिहितं, पण जुन्या आठवणीतून. जानेवारी २०२२ मध्ये पांडास या लायब्ररीने तक्त्याला ओळ जोडायचं 'अपेंड' डेप्रिकेट केलं आणि एप्रिल २०२३ च्या २.० मध्ये काढून टाकलं. पण त्याआधीच्या वर्षांत लिहिलेली असंख्य उत्तरं, ब्लॉग, शिकवण्या, सगळीकडे अपेंडच. मॉडेलने ते हजारदा वाचलेलं, नवं क्वचित. ते बिचारं जास्त ऐकलेलंच बोलणार.

याचा कळस झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये. ओपनएआयने आपल्या पायथॉन लायब्ररीची १.० आवृत्ती काढली आणि मॉडेलला हाक मारायची रीतच बदलली. माणसांच्या कोडसाठी 'मायग्रेट' अशी आज्ञाही दिली, जुना कोड नव्यात बदलून देणारी, थेट गोफिक्सच्या घराण्यातली. पण त्याच कंपनीच्या मॉडेलला विचारलं की तुला हाक मारायचा कोड लिहून दे, तर ते इमानेइतबारे जुनीच रीत लिहून द्यायचं. स्वतःचाच नंबर बदललेला, आणि डायरीत जुना!

उपाय म्हणून मग 'विचारलं की ताजं वाचायला द्या' या विचाराची टूलं आली. सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्डने सुचवलं की प्रत्येक साइटने मॉडेलांना वाचण्याजोगी एक साधी मजकुराची फाइल ठेवावी. त्याच नोव्हेंबरात अँथ्रॉपिकने एमसीपी हा करार खुला केला, ज्यातून एजंटला बाहेरची टूलं आणि माहिती जोडता येते. माझ्याकडचं टूल याच रांगेतलं. वरवर पाहता प्रश्न सुटला. कागद हातात दिला की वाचेल आणि तसं लिहील.

लिहील का पण? इथे परीक्षेचा प्रश्न येतो, आणि इथेच २००८ ची पद्धत उपयोगी पडत नाही. लॉल आणि मंडळींनी इतिहासातून प्रश्नपत्रिका काढली, कारण टूलने इतिहास वाचलेला नव्हता. मॉडेलने तो सगळा वाचलाय. झालेल्या बदलावर परीक्षा घेतली आणि एजंट पास झाला, तर टूलने सांगितलं म्हणून झाला की त्याला आधीच ठाऊक होतं म्हणून, हे कसं ओळखणार? पेपर फुटलेला आहे.

२०२४ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन विद्यापीठातल्या लोकांनी 'कोडअपडेटअरीना' नावाची परीक्षा काढली, ती वाचताना मला ते वायटूकेचं पुढे केलेलं घड्याळच आठवलं. त्यांनी कधीच न झालेले बदल रचले. सात पायथॉन पॅकेजांमधली ५४ फंक्शनं घेतली, ती बदलली असती तर कशी दिसली असती हे बनवून घेतलं, आणि त्यावर ६७० उदाहरणं तयार केली. निकाल बोलका आहे. तेव्हाच्या कोडलामा, डीपसीक अशा खुल्या मॉडेलांना बदलाचं डॉक्युमेंटेशन प्रश्नाच्या आधी वाचायला दिलं, तरी तेवढ्याने ती बदल आत्मसात करून प्रश्न सोडवू शकली नाहीत. मॉडेलं तेव्हापासून बरीच सुधारली आहेत, पण 'कागद हातात दिला' आणि 'कागदाप्रमाणे केलं' यांत अंतर असतं, एवढं तर सिद्ध झालंच.

त्याच वर्षीच्या 'गिटकॅमेलिऑन'ने दुसरी बाजू दाखवली. तिथे ११६ प्रश्न होते आणि प्रत्येकात लायब्ररीची ठराविक आवृत्ती सांगितलेली. तिथे 'नवं ते बरोबर' चालत नाही. प्रकल्प जुन्या आवृत्तीवर बांधलेला असेल तर जुनीच रीत बरोबर. जीपीटी-४ओ ला दहा-दहा संधी देऊनही ४० टक्क्यांच्या आसपासच प्रश्न सुटले. हे वाचून मी माझ्या तपासणीत एक रकाना वाढवला: टूल नसताना बरोबर आलेलं किती उत्तरं टूलमुळे बिघडली? 'ताजी माहिती' देणारं टूल जुन्या प्रकल्पात नवं फंक्शन घुसडून चालता कोड मोडू शकतं, आणि नुसती सुधारलेल्यांची टक्केवारी छापली तर हे कुणाला दिसणारही नाही.

आणि उत्तरपत्रिका चुकण्याचं काय? तेही पुन्हा घडलं. २०२३ ची 'एसडब्ल्यूई-बेंच' ही परीक्षा खऱ्याखुऱ्या पायथॉन प्रकल्पांतल्या २२९४ प्रश्नांची. एजंटांची गुणपत्रिका म्हणून सगळे तीच दाखवायचे. २०२४ मध्ये ओपनएआयने त्यातले १६९९ प्रश्न ९३ प्रोग्रामरांकडून तपासून घेतले, तर दोन-तृतीयांशाहून अधिक गाळावे लागले. कुठे प्रश्नच अपुरा, कुठे चाचणी बरोबर उत्तरही नापास करणारी. शेवटी ५०० ठेवले. कॉक्सिनेलवाल्यांनी सोळा वर्षं आधी हेच केलं होतं, फक्त गाजावाजा न करता. असो.

माझ्या टूलच्या पानावर मी 'बग्ज' असा मथळा घातलाय, १९७१ च्या आठवणीने. त्याखाली कोणत्या लायब्ऱ्यांची माहिती टूलकडे नाही, आणि असलेली कोणत्या तारखेपर्यंतची आहे, हे लिहिलंय. टीममधल्या एका तरुण मुलीने विचारलं, "सर, हे आपणच कशाला सांगायचं?" तिला म्हटलं की आता हे पान माणसांइतकेच एजंटही वाचणार आहेत, आणि एजंट तर छापलेल्यावर माणसांहून जास्त विश्वास ठेवतो. तिला पूर्ण पटलं असं वाटलं नाही. डेमोच्या दिवशी मथळा जागेवर राहतो का ते पाहायचं.

आणि ते गोफिक्स? २०२६ च्या फेब्रुवारीत गो १.२६ बरोबर ते नव्याने लिहून परत आणलं. त्यामागच्या कारणांपैकी एक गोच्याच लोकांनी सांगितलंय. मॉडेलं जुन्या वळणाचं गो लिहितात, नवं वापर म्हटलं तरी ऐकत नाहीत, कधीकधी तर तसं काही अस्तित्वातच नाही म्हणून वाद घालतात. मग त्यांनी ठरवलं की जगभर उघड्यावर पडलेला जुना गो कोडच सुधारत न्यायचा, म्हणजे पुढची मॉडेलं तो वाचून नवं शिकतील. पंधरा वर्षांपूर्वी माणसांचा कोड दुरुस्त करायला केलेलं टूल आता मॉडेलांचं क्रमिक पुस्तक सुधारायला बसलंय. ते किती यशस्वी होईल हे मोजायचं कसं, त्यासाठी पुढच्या मॉडेलांची वाट पाहायला लागेल, आणि तोवर गो आणखी बदललेलं असेल.